पगार वाढतो, शिल्लक का वाढत नाही? घरखर्चाला लगाम नेमका कुठे घालायचा

पानगळ:
घरात कमावती माणसं दोन, मुलं दोन, कर्ज एक, व्यसन कोणालाच नाही. उधळपट्टी म्हणावी असं काही डोळ्यांना दिसत नाही. तरीही महिनाअखेर खात्यात काही वर्षांपूर्वी जेवढं उरायचं तेवढंच आजही उरतं. मधल्या काळात पगार मात्र वाढले आहेत.

जालावर शोधलं तर सगळीकडे त्याच त्या याद्या. दिवे बंद करा, यादी करून बाजारात जा, बाहेरचं खाणं कमी करा. हे सगळं आम्ही करतो. दिव्यांवरून तर रोज कोणीतरी माझी बोलणी खातंच. म्हणून प्रश्न जरा वेगळा आहे: यातलं खरोखर पैसे वाचवणारं काय, आणि नुसतं काटकसर केल्याचं समाधान देणारं काय? आकडे असतील तर आकडे द्या, नसतील तर अनुभव लिहा. गुंतवणुकीचे सल्ले कृपया नकोत, त्यासाठी वेगळे धागे पडलेत. इथे फक्त रोजचा खर्च.

आळशी_मुंगी:
रुमाल टाकून ठेवते. रात्री सावकाश टंकते.

शून्यगणित:
आकडे मागितलेत म्हणून विजेपासून सुरुवात करतो.

एक युनिट म्हणजे हजार वॅटचं उपकरण तासभर चालवणं. नऊ वॅटच्या एलईडी दिव्याला एक युनिट संपवायला १११ तास लागतात. आता पंधरा लिटर पाणी घ्या आणि ते २५ अंशांनी तापवा. त्याला ०.४४ युनिट लागतं, तेही वाटेत वाया जाणारी उष्णता न धरता. म्हणजे एका माणसाच्या एका साध्या आंघोळीत तो दिवा दोन दिवस आणि दोन रात्री सलग जळला असता. शॉवर मिनिटाला दहा लिटर सोडत असेल आणि आंघोळ दहा मिनिटं चालत असेल, तर पाणीच शंभर लिटर होतं. पुढचा हिशेब तुम्ही करा.

जिथे काहीतरी तापवलं किंवा गार केलं जातं तिथे वीज जाते: गीझर, एसी, हीटर, ओव्हन, इस्त्री, फ्रिज, कपडे वाळवायचं यंत्र. नुसता उजेड, आवाज किंवा चित्र लागतं तिथे फारशी जात नाही. त्यामुळे दिव्यांवरून होणारी आरडाओरड आजपासून बंद करा. घरातली शांतता हा काही कमी फायदा नाही.

दोन गैरसमज वारंवार ऐकतो. 'गीझरमधलं पाणी एकदा तापलं की तो वीज खात नाही.' खातो. टाकीतलं पाणी वापरलं नाही तरी थंड होत राहतं आणि यंत्र ते पुन्हा तापवत राहतं. दुसरा, एसी १८ वर लावला की खोली लवकर गार होते. होत नाही. १८ लावा की २५, सुरुवातीला यंत्र बहुधा त्याच जोराने चालतं. १८ वर ते पुढे थांबायचं नाव घेत नाही एवढाच फरक.

मोबाइलचा रिकामा चार्जर सॉकेटमध्ये राहिला म्हणून घाबरणाऱ्यांसाठी: आजकालचे चांगले चार्जर रिकामे असताना दशांश वॅटच्या आसपास घेतात. वर्षभर तसाच ठेवला तरी एखादं युनिट. त्याउलट टीव्हीला जोडलेला जुना डबा रिमोटने 'बंद' केल्यावरही दहा वॅट घेत असेल, तर वर्षाला ८७ युनिटं गेली. तो भिंतीवरच्या बटणानेच बंद करा.

खटपट्या:
शून्यगणित यांच्याशी सहमत. माझी भर: जुन्या पद्धतीचा छताचा पंखा साधारण ७५ वॅट घेतो, बीएलडीसी मोटरचा (ब्रश नसलेली, कमी वीज खाणारी मोटर) ३० च्या आसपास. रोज दहा तास चालणारा पंखा बदलला तर वर्षाला १६० युनिटं वाचतात. पाहुण्यांच्या खोलीतला पंखा बदलून मात्र काही हाती लागत नाही. सगळ्यात जास्त वेळ चालतो तोच आधी बदला.

फ्रिजच्या दारात कागदाची पट्टी धरून दार लावा. पट्टी सहज ओढून निघाली तर रबर सैल झालंय, गारवा रात्रंदिवस बाहेर चाललाय. रबर वेगळं मिळतं, नवा फ्रिज लागत नाही. आतलं तापमान ३ ते ५ अंश पुरे, फ्रीझर उणे १८.

पाण्याचंही बघा. दिवसाचे सेकंद ८६,४००. सेकंदाला एक थेंब गळणारा नळ, थेंब ०.१ मिलिलिटरचा धरला तरी, दिवसाला साडेआठ लिटर पाणी घालवतो. नळ निदान दिसतो तरी. संडासाच्या फ्लशची टाकी आतल्या आत गळते ते दिसतही नाही आणि ऐकूही येत नाही. टाकीत खाण्याच्या रंगाचे थोडे थेंब टाका, वीस मिनिटं फ्लश करू नका. खालच्या भांड्यात रंग उतरला तर टाकी गळते आहे. मीटरवर पाणी घेणाऱ्यांनी हे आजच करावं.

फावला_वेळ:
मी साबणाची बाटली संपली की पाणी घालून हलवतो आणि आठवडाभर वापरतो. घरचे आता मलाच पाणी घालून हलवायच्या बेतात आहेत. ह.घ्या. (हलकेच घ्या)

काटकोन:
वरचं सगळं बरोबर आहे, पण एक विचारतो. तुमच्या एकूण खर्चात विजेचं बिल कितवं येतं? बहुतेक घरांत ते पहिल्या तिनांत नसतं. घर, कर्जाचे हप्ते, वाहन, मुलांचं शिक्षण हे वरती बसलेले असतात आणि आपण खाली बटणं मोजत असतो.

घरकर्जाचं उदाहरण घ्या. नऊ टक्के दर, वीस वर्षं मुदत. शंभर उचलले तर परत करताना सुमारे २१६ जातात. मुद्दलापेक्षा व्याज जास्त. आता वर्षातून फक्त एक हप्ता जादा भरा आणि तो मुद्दलातून वळता करून घ्या. कर्ज वीसऐवजी साधारण साडेसोळा वर्षांत फिटतं. यासाठी कोणालाही अंधारात बसावं लागत नाही. जादा रक्कम भरताना 'हप्ता तोच ठेवा, मुदत कमी करा' असं लेखी सांगायचं. नाहीतर हप्ता कमी होऊन मुदत तशीच राहू शकते आणि व्याजातला फायदा बराच घटतो.

क्रेडिट कार्डाची थकबाकी असेल तर बाकी सगळं बाजूला ठेवून आधी ती फेडा. महिन्याला तीन टक्के ऐकायला किरकोळ वाटतं. चक्रवाढीने ते वर्षाला साडेबेचाळीस टक्के होतात, म्हणजे काहीच न भरता राहिलेली रक्कम दोन वर्षांच्या आत दुप्पट. बिलावर ठळक अक्षरात जी 'किमान देय रक्कम' छापलेली असते ती तुमच्या सोयीसाठी नसते.

आणि बिनव्याजी हप्ते! दुकानदाराला विचारा, रोखीने घेतलं तर किती सूट? जी सूट सांगेल ते तुमचं व्याज.

आता पानगळ यांच्या मूळ प्रश्नाकडे. पगार वाढला तरी शिल्लक का वाढत नाही? खर्च उत्पन्नाच्या मापाने वाढत जातो हे सिरिल नॉर्थकोट पार्किन्सन यांनी १९६० मध्येच मांडून ठेवलंय. तेव्हा पगारवाढ खात्यात आली की त्याच महिन्यात वाढीचा निम्मा भाग आपोआप दुसऱ्या खात्यात वळेल अशी व्यवस्था करून टाका. उरलेला निम्मा बिनदिक्कत खर्च करा. वाढीव पैशाची सवय लागायच्या आत हे झालं तर त्रास होत नाही. सवय लागल्यावर तोच कपात वाटायला लागतो.

पानगळ:
@काटकोन, निम्म्याची कल्पना आवडली. पण आमच्याकडे दर महिन्याला काहीतरी 'अचानक' निघतं. कधी विम्याचा हप्ता, कधी वाहनाची दुरुस्ती, कधी कोणाचं लग्न. बाजूला ठेवलेलं परत काढावंच लागतं.

जुनी_वही:
पानगळ, तुमच्या यादीत अचानक असं काही नाही हो. विमा दर वर्षी त्याच तारखेला येतो. वाहन दर वर्षी काहीतरी मागतंच. लग्नं-समारंभ कोणाचे ते ठाऊक नसलं तरी होणार हे ठाऊक असतं. दात दुखणार, चष्मा बदलणार, मुलांचे बूट लहान होणार. हे वार्षिक खर्च आहेत आणि आपण ते मासिक पगारातून भागवायला जातो म्हणून प्रत्येक वेळी धक्का बसतो. मागच्या वर्षाचे सगळे असे खर्च आठवून एका पानावर लिहा, बेरजेला बाराने भागा. तेवढी रक्कम दर महिन्याला वेगळ्या खात्यात टाका आणि असले खर्च फक्त तिथूनच करा. ही रक्कम बचत धरू नका. तो खर्चच आहे, फक्त तारीख पुढची आहे. पहिल्या वर्षी ओढाताण होते, पुढे 'अचानक' बरंच कमी ऐकू येतं.

मी निवृत्त आहे आणि खर्च हाताने वहीत लिहिते. नातवंडं ॲप घ्या म्हणतात. ॲप चांगलं असेल, पण आपोआप नोंदला गेलेला खर्च आपल्या डोळ्यांखालून जातोच कुठे? हाताने आकडा लिहिताना पेन जरा अडखळतं, आणि ते अडखळणंच मला हवं असतं.

काटकोन:
@जुनी_वही, वर्षाला बाराने भागायचं एकशे एक टक्के मान्य. वहीबद्दल मात्र मतभेद. रोज लिहिणं सगळ्यांना झेपत नाही, आणि मध्ये खंड पडला की माणूस सगळंच सोडून देतो. तीन महिने मन लावून लिहा, पैसा कुठे जातो ते कळेल, मग वर्षभर नाही लिहिलं तरी चालेल.

जुनी_वही:
तीन महिने लिहिणाराही विरळाच. पण तुमचं खोटं नाही.

आळशी_मुंगी:
रुमाल उचलते.

स्वयंपाकघरात पैसा जातो तो महाग वस्तूंपेक्षा फेकलेल्या वस्तूंमधून. विकत घ्यायला पैसे, साठवायला वीज, शिजवायला गॅस, आणि शेवटी कचऱ्यात. आमच्याकडे फ्रिजचा डोळ्यांसमोरचा कप्पा 'आधी हे संपवा' असा राखीव आहे. काय करायचं ते ठरवताना आधी तो कप्पा बघायचा, मग बाजाराचा विचार. नवीन आणलेलं मागे, जुनं पुढे.

केळी, सफरचंद, टोमॅटो यांच्यातून इथिलीन नावाचा वायू सुटतो. पालेभाज्या त्यांच्या शेजारी ठेवल्या की लवकर पिवळ्या पडतात, म्हणून त्या लांब. पालेभाजी धुऊन ओली ठेवू नका, कोरडी करून फडक्यात गुंडाळा. बटाटा फ्रिजमध्ये नको, थंडीत त्यातल्या पिष्ठाची साखर होते. कांदा-बटाटा एका टोपलीत नको. शिजवलेलं अन्न दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये गेलं पाहिजे. पसरट भांड्यात काढलं की लवकर निवतं.

शिजवण्याबद्दल: पाणी उकळलं की आच कमी करा. उघड्या भांड्यात पाणी शंभर अंशांच्या पुढे जात नाही, आच मोठी ठेवली तर फक्त वाफ जास्त होते, अन्न लवकर शिजत नाही. प्रेशर कुकरमध्ये दाब वाढल्यामुळे तेच तापमान १२० च्या आसपास जातं, म्हणून तिथे वेळ खरा वाचतो. कुकरलाही पहिली शिट्टी झाल्यावर मोठी आच लागत नाही. कडधान्य आधी भिजवा, आणि झाकण, झाकण, झाकण.

आता जे लिहायला मुळात आले ते. हे सगळं करतं कोण? फ्रिजमधलं काय आधी संपवायचं, कुठल्या दुकानात काय स्वस्त, कुठली सूट कधी संपते, हे सगळं बहुतेक घरांत एकाच बाईच्या डोक्यात असतं. घर काटकसरीने चालतं असं म्हणतात तेव्हा पुष्कळदा त्याचा अर्थ एवढाच असतो की एका माणसाचे जादा तास कोणी हिशेबात धरत नाही. पैसे वाचवायचा उपाय सुचवणाऱ्याने तो स्वतः करून दाखवावा, असा नियम मी घरात केलाय. सूचना एकदम कमी झाल्या.

फावला_वेळ:
नियम भयंकर आहे. आमच्या घरी हा धागा कोणी वाचू नये.

खटपट्या:
आळशी_मुंगी, मुद्दा पटला. मी घरात फक्त दुरुस्त्या करतो आणि त्याचंच कौतुक होतं, कारण त्या कधीतरीच असतात.

पारंबी:
बराच वेळ नुसतं वाचत होते. सगळे सल्ले थोडी शिल्लक हाताशी असणाऱ्यांसाठी आहेत. ज्याच्याकडे महिन्याच्या सुरुवातीलाच रोख कमी असते तो मोठं पाकीट घेऊ शकत नाही. छोटं पाकीट घेतो आणि किलोमागे जास्त मोजतो. वर्षाचा विमा एकरकमी भरला तर स्वस्त पडतो, तो हप्त्यांनी भरतो. टिकाऊ बूट परवडत नाहीत म्हणून स्वस्तातले दोनदा घेतो. अर्न्स्ट एंगेल यांनी १८५७ मध्येच दाखवलं होतं की उत्पन्न जितकं कमी तितका त्यातला अन्नावरचा वाटा मोठा. तिथे कपात करायला जागाच नसते. अशा माणसाला 'बाहेरचं खाणं कमी करा' सांगणं म्हणजे थट्टा.

अशा घरासाठी पहिलं काम सवयी सुधारणं नव्हे, छोटी गंगाजळी उभी करणं. एका महिन्याच्या किराण्याएवढी जरी झाली तरी उधारी थांबते, आणि उधारी थांबली की त्याच वस्तू कमी दरात मिळायला लागतात.

काटकोन:
+१. हा प्रतिसाद पहिला यायला हवा होता.

शून्यगणित:
पारंबी यांच्या मोठ्या पाकिटाबद्दल एक जोड. मोठं पाकीट नेहमी स्वस्त असतंच असं नाही. किंमत भागिले वजन हा भागाकार दुकानात उभं राहून करा. कधी कधी मधलं माप सगळ्यात स्वस्त निघतं. आणि मोठ्या पाकिटातलं आपण सढळ हाताने वापरतो. कपड्यांच्या साबणाचं तर नक्कीच. माप ओलांडलं की कपडे जास्त स्वच्छ होत नाहीत, फेस जास्त होतो आणि खळबळायला पाणी जास्त लागतं. कमी मळलेले कपडे थंड पाण्यात धुवा. गरम पाण्याच्या धुलाईत बहुतेक वीज पाणी तापवण्यातच जाते, ड्रम फिरवण्यात नाही.

अवांतर: कमी वीज खाणारा एसी घेतला म्हणून तो दिवसभर चालवायचा, हा प्रकार जुना आहे. विल्यम स्टॅन्ली जेव्हन्स यांनी १८६५ मध्ये कोळशाबद्दल हेच लिहिलंय. इंजिनं कमी कोळशात चालायला लागली तसा कोळशाचा एकूण वापर वाढला. नवं यंत्र घेतल्यावर बिल खाली आलं का तेवढं बघा, डब्यावरच्या तारका नंतर.

पानगळ:
खूपच उपयोगी. दोन प्रश्न राहिले. महिन्याला थोडे थोडे कापून घेणारी सदस्यत्वं (सिनेमा, गाणी, जिम, साठवण) आणि मुलं. मुलांना 'परवडत नाही' म्हणायला जीवावर येतं, आणि ते खरंही नसतं.

काटकोन:
सदस्यत्वं: सगळी एकदम बंद करा. ज्याची खरोखर आठवण येईल तेवढंच परत घ्या. 'कुठलं बंद करू' असा विचार करत बसलात तर प्रत्येकाच्या बाजूने काहीतरी कारण सापडतं.

जुनी_वही:
खरं नसेल तर 'परवडत नाही' म्हणूच नका, मुलांना खोटं लगेच कळतं. 'यावर खर्च करायचा नाही असं ठरवलंय' म्हणा. त्याहून बरं, सहलीची किंवा कपड्यांची रक्कम त्यांच्यासमोर ठेवा आणि निवड त्यांना करू द्या. आमचा मुलगा एरवी महागड्या बुटांसाठी अडून बसायचा. रक्कम त्याच्याच हातात दिल्यावर दुकानात तासभर किंमती बघत फिरला आणि साधे घेऊन आला. उरलेले पैसे मागितले, ते मात्र द्यावे लागले!

आणि नवऱ्याशी पैशाचं बोलायचं ते महिन्याच्या सुरुवातीला, पोट भरलेलं असताना. महिनाअखेरीला बिल हातात घेऊन बोललं की त्याचं भांडणच होतं.

फावला_वेळ:
दुरुस्त करायचं की नवीन घ्यायचं, यावर कोणी काही सांगेल का? आमचं धुलाईयंत्र सध्या विमानासारखा आवाज करतंय.

खटपट्या:
आवाज पिळतानाच येतो की धुतानाही? फक्त पिळताना असेल तर आधी यंत्र सपाट उभं आहे का बघा, चारही पाय जमिनीला टेकलेले हवेत. पुष्कळदा तेवढंच असतं. सतत घरघर असेल तर बेअरिंग. दुरुस्तीचा खर्च नव्या यंत्राच्या किंमतीच्या निम्म्याच्या वर जात असेल आणि यंत्राचं आयुष्य बरंचसं सरलं असेल तर नवीन घ्या, नाहीतर दुरुस्त करा. हा काही कायदा नाही, मी तसं करतो. नवीन घेताना सुटे भाग किती वर्षं मिळतील ते विचारा आणि मागच्या बाजूला स्क्रू आहेत की सगळं चिकटवलंय ते बघा. चिकटवलेलं यंत्र कोणी उघडत नाही.

वस्तू लवकर मोडावी अशीच बनवतात, या तक्रारीत अगदीच तथ्य नाही असं नाही. १९२४ मध्ये दिवे बनवणाऱ्या बड्या कंपन्यांनी आपसात संगनमत करून दिव्याचं आयुष्य हजार तासांवर आणलं होतं, फीबस कार्टेल म्हणून ते ओळखलं जातं. पण घरातली निम्मी यंत्रं आपणच मारतो. गाळणी साफ न करणं, जाळीत धूळ, किटलीत क्षार.

पानगळ:
@खटपट्या, फ्लशच्या टाकीत रंग टाकला होता. अर्ध्या तासाने बघितलं तर खालचं पाणी चक्क लाल. नळवाल्याला बोलवू की घरी होण्यासारखं आहे?

खटपट्या:
घरी होतं. टाकीच्या तळाशी रबरी झडप असते, ती कडक झाली असणार. टाकीचा पाणी येण्याचा नळ बंद करा, फ्लश करून टाकी रिकामी करा, झडप काढा आणि दुकानात जाताना ती बरोबर न्या, मापं वेगवेगळी असतात. बसवायच्या आधी ती जिथे टेकते ती कडा कापडाने पुसून घ्या, क्षार राहिला तर नवीन झडपही गळेल. झालं की परत रंग टाकून बघा.